आबांची सुई

शिरूरमध्ये मला नावानं ओळखणारी माणसं थोडी. एस.टी. डेपोकडून बाजार समितीकडे जाताना आमचं औषधाचं दुकान लागतं, आणि त्या दुकानात तीस वर्षं उभी राहिल्यामुळे आजूबाजूच्या गावांतली माणसं मला 'मेडिकलवाल्या ताई' म्हणतात. लग्नात भेटोत नाहीतर तेराव्याला, समोरचा आधी खिशातून गोळ्यांची रिकामी पट्टी काढतो आणि मग विचारतो, "ताई, बऱ्या हाय न्हवं?" आता दुकान सून सांभाळते. मी सकाळचे दोन तास जाऊन बसते, ते बरंचसं माझ्याच समाधानासाठी.

लोकांना आमचं काम सोपं वाटतं. चिठ्ठी बघायची, फळीवरून खोकं काढायचं, कात्रीनं पट्टी कापायची. पण ती पट्टी नावाच्या बाजूनं कापली तर उरलेल्या गोळ्या कशाच्या हे पुन्हा कुणालाच सांगता येत नाही, म्हणून ती उलट्या बाजूनं कापायची. इन्सुलिनची बाटली निमोण्यापर्यंत एस.टी.नं जाणार असेल तर बर्फाची पिशवी कागदात गुंडाळून तिच्याभोवती ठेवायची, नुसत्या बर्फाला टेकवायची नाही, कारण गोठलं की औषध वाया गेलं. आणि बोलायचं. गोळी जेवणाआधी की नंतर, चक्कर आली तर काय, एखादा डोस चुकला तर काय. डॉक्टरांकडे खुर्चीवर बसलेला माणूस भीतीनं निम्मं ऐकतच नाही. उरलेलं तो आमच्या काउंटरवर विचारतो.

मी दुकान सुरू केलं तेव्हा मधुमेहाच्या औषधांना अर्धी फळी पुरायची. दोन-तीन जातीच्या गोळ्या आणि फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या बाटल्या. आता त्या आजाराला अख्खं कपाट लागतं. मधल्या काळात ज्या नव्या गोळ्या आल्या, त्यातल्या काही पहिल्यांदा आल्या तेव्हा आमच्याकडच्या माणसाला परवडण्यासारख्या नव्हत्या. पुढे बऱ्याच कंपन्या त्या बनवायला लागल्या आणि त्या वाडीवस्तीपर्यंत पोचल्या. त्यातली एक जात मला फार आवडते. नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' येतं ती. जुन्या काही गोळ्या शरीराला जास्त इन्सुलिन बनवायला भाग पाडतात. ही गोळी तसलं काही करत नाही. मूत्रपिंडाला सांगते की जादाची साखर अडवून धरू नकोस, लघवीतून जाऊ दे. हृदयालाही तिचा फायदा होतो, मूत्रपिंडालाही.

एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर मामा ही गोळी सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी तावातावानं दुकानात आले होते. चार माणसं उभी होती तरी त्यांनी आवाज कमी केला नाही.

"ताई, ही गोळी बदला. आमच्या वडलांना साखर हाय हे मोरीतल्या मुंग्यांवरनंच कळलं व्हतं. आता माज्या मोरीत मुंग्या. रोग वाढला का कमी झाला?"

मी म्हटलं, "मामा, गोळी साखर बाहेर काढतेय. मुंग्या आल्या म्हणजे गोळी काम करतेय."

मामांनी थोडा विचार केला. "म्हंजी बिनतिकिटाचे पाशिंजर खाली उतरवायचे, तसंच म्हना की."

"तसंच."

पुढे सहा महिन्यांनी ते पाय दाखवायला आले. हृदयाच्या दुखण्यानं पायांना सूज असायची, चपलेचा पट्टा बसायचा नाही. आता पट्टा बसला होता. तो त्यांनी मला दोनदा काढून, घालून दाखवला.

याच गोळीनं एका बाईला मात्र छळलं होतं. न्हावऱ्याकडची, शेवंतीची शेती करणारी बाई. तीन दिवस येऊन, दुकानात पुरुष आहेत हे बघून, तशीच परत गेली. चौथ्या दिवशी दुपारी सामसूम असताना आली आणि खाजेची पावडर मागितली. मी विचारत गेले तेव्हा कळलं. लघवीत साखर जाते म्हटल्यावर तिथं खाज सुटते, बायकांना जास्त. डॉक्टर पुरुष, नवऱ्याला काय सांगायचं, म्हणून तिनं कुणाला न विचारता गोळीच बंद करून टाकली होती. मी तिला मलम कुठलं, स्वच्छता कशी, पाणी किती, आणि डॉक्टरांना फोनवर तरी सांगायचंच, असं सगळं समजावलं. तेव्हापासून काउंटरच्या आत एक स्टूल ठेवलं. ही गोळी नेणाऱ्या प्रत्येक बाईला त्या स्टुलावर बसवून मी हे हळू आवाजात सांगायची. याचा मला अभिमान होता. पुष्कळच होता.

आणि एवढं सांगणारी मी, कोंडिबाआबांना मात्र सांगायची राहिले.

कोंडिबाआबा निमोण्याचे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आबाही पंचविशीपर्यंत मेंढरांमागं हिंडले. मग विहिरीला पाणी लागलं, मेंढरं विकली आणि झेंडू, शेवंती, कांदा असं करत ते शेतकरी झाले. बायको ठकूबाई. उंच, सडपातळ, कमी बोलणारी. मुलगा दत्ता कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात ऑपरेटर, शिफ्टची नोकरी, म्हणून बायकोपोरांसह दौंडला राहणारा.

ठकूबाईंना इन्सुलिन लागलं तेव्हा टोचणार कोण हा प्रश्न आला. मी आबांना दुकानात सुई भरून दाखवायला लागले तर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली.

"द्या हिकडं. हजार मेंढरं टोचल्यात म्या. कातडी चिमटीत उचलायची आन् तिरकी घालायची, आसंच न्हवं?"

तसंच होतं. त्यांचा हात इतका हलका होता की मला शिकवण्यासारखं काही उरलं नाही. बाटली तळव्यांत फिरवायची म्हणजे दुधासारखं पांढरं औषध सारखं मिसळतं, आणि सुईवरच्या रेघा मोजून भरायचं. सकाळी अठरा, संध्याकाळी दहा. घरी फ्रिज नव्हता तेव्हा ते बाटली प्लॅस्टिकच्या डब्यात घालून माठात ठेवायचे. पुढे दत्तानं फ्रिज घेऊन दिला. नऊ वर्षं आबांनी तिला दोन्ही वेळा टोचलं. कुणाचं लग्न असलं, मयत असली, तरी संध्याकाळच्या सुईला माणूस घरी. ठकूबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "माहेरला जायचं तर ह्यान्ला संगट न्यावं लागतंय. लगीन झालं तवा यवढं मागं लागलं न्हवतं."

मग ठकूबाईंची साखर चढायला लागली. का चढते ते कुणाला कळेना. खाणं तेच, काम तेच. दत्ता त्यांना दौंडला घेऊन गेला, तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी ती 'फ्लोझिन'ची गोळी सुरू केली आणि इन्सुलिन थोडं कमी केलं. सकाळी चौदा, संध्याकाळी आठ. कमी केलं, बंद नाही. चिठ्ठीवर व्यवस्थित लिहिलं होतं.

ती चिठ्ठी घेऊन आबा माझ्याकडे आले तेव्हा गणपतीचे दिवस होते. दुकानात ही गर्दी. फ्रिजमधला माल वेळेवर आला नव्हता म्हणून मी पुण्याच्या माणसाशी फोनवर भांडत होते. फोन खांद्यात धरून मी गोळ्या काढल्या, पिशवीत घातल्या. आबा काहीतरी विचारत होते.

"ताई, नवी गोळी आली म्हंजी आता सुई बंद न्हवं?"

मी काय म्हटलं ते मला नक्की आठवतं. मी म्हटलं, "हं हं, आबा, चिठ्ठीत लिहिलंय तसं करा." त्यातलं पहिलं 'हं हं' फोनवरच्या माणसाला होतं की आबांना, हे मला आजही सांगता येणार नाही. आबांना अक्षरओळख नव्हती. हे मला नऊ वर्षं माहीत होतं.

मी त्यांना थांबवलं नाही. ठकूबाई आल्या नव्हत्या, म्हणून स्टुलावर कुणाला बसवायचाही प्रश्न नव्हता. आणि या गोळीबद्दल सर्वांत महत्त्वाची जी गोष्ट, ती मी तोंडातून काढलीच नाही. उपास, उलट्या, जुलाब, ऑपरेशन, जेवण बंद असं काहीही झालं की त्या दिवसांपुरती ही गोळी थांबवायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. आणि इन्सुलिन स्वतःच्या मनानं कधी बंद करायचं नाही.

नवरात्रात, सातव्या माळेच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आबा दुकानात आले. दसऱ्यासाठी झेंडू तोडून शेजाऱ्याच्या टेम्पोतून बाजारात आणला होता. अंगावर सगळा पिवळा चुरा.

"उलटीची गोळी द्या एक. ठकूला कालधरनं उलट्या हायत. उपास बादला आसंल."

"उपास धरलाय त्यांनी? शुगर असताना?"

"तिला कोन सांगणार? नऊ दिस पानी आन् मूठभर शेंगदाणं. दर सालाला धरती."

"साखर तपासली का?"

"तपासली की. दत्तानं मशीन दिलंय, शेजारची सून बघती. येकशे नव्वद. तिच्या मानानं बरीच म्हनायची."

मी उलटीची गोळी काढायला वळले होते. का कोण जाणे, पट्टी हातात घेऊन पुन्हा फिरले.

"आबा, आणखी काही होतंय त्यांना?"

"पोट दुखतंय. आन् धापा टाकती. बसल्या जागी, बरं का. रानात गेली न्हाई, काय न्हाई. आसं वाटतंय कुठनं तरी पळत आलीय."

मी हातातली पट्टी काउंटरवर ठेवली.

"नवी गोळी चालू आहे?"

"रोज देतो न्हवं. येक बी चुकवली न्हाई."

"आणि सुई?"

"ती तर बंद केली की, ताई. तुमीच व्हय म्हनला."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती. त्यांना तसंच थांबवून मी ठकूबाईंच्या मोबाईलवर फोन लावला. त्यांनी उचलला.

"मावशी, मी मेडिकलवाली. कसं वाटतंय?"

"बरं... हाय... ताई," त्या म्हणाल्या. प्रत्येक शब्दामागे एक श्वास. लांब, खोल, वेगानं ओढलेला श्वास. त्या श्वासाबद्दल मी तोवर फक्त पुस्तकात वाचलं होतं.

बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगते. शरीराला इन्सुलिन मिळालं नाही आणि पोटातही काही गेलं नाही, तर ते चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाचं आम्ल साठतं. एरवी अशा वेळी साखर चारशे-पाचशेवर जाते, मशीन ओरडून सांगतं, सगळे धावतात. पण ही गोळी साखर लघवीतून काढत राहते, त्यामुळे मशीनवर आकडा बरा दिसतो आणि आत माणूस बुडत असतो. असं क्वचित होतं. हजारो माणसं ही गोळी सुखानं खातात. पण क्वचित होतं म्हणून ठकूबाईंचं दुखणं थांबून राहणार नव्हतं.

मी आबांना म्हटलं, "टेम्पोवाल्याला सांगा, झेंडू आहे तिथं राहू दे. निमोण्याला जा आणि मावशींना थेट शिरूरच्या दवाखान्यात आणा. घरी काही देत बसू नका. आजची गोळी दिलीय?"

"सकाळी दिली."

"आता पुन्हा देऊ नका. चला, निघा."

आबा तसेच वळले. ऐन तरुणपणी आजारी जनावरं खांद्यावर टाकून मैलोन्‌मैल चाललेला माणूस. घाई कधी करायची हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

मी दुकानाचं शटर भर गिऱ्हाइकीच्या वेळी ओढलं. तीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. बिलाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात गोळीचं नाव, किती दिवसांपासून चालू, इन्सुलिन बंद, सात दिवसांचा उपास, असं लिहिलं आणि दवाखान्यात जाऊन बसले. दीड तासानं टेम्पो आला. फुलांच्या रिकाम्या पोत्यांवर ठकूबाईंना निजवलं होतं. ओठ कोरडे पडले होते.

ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होता. त्यानं बोटातून रक्त काढलं. एकशे शहाऐंशी.

"साखर ठीक आहे. उपासानं ॲसिडिटी झाली असेल. सलाईन लावू."

मी कागद पुढे केला. "डॉक्टर, मी औषधविक्रेती आहे, तुमच्या कामात बोलू नये हे मला कळतं. पण या गोळीवर आहेत त्या, आणि इन्सुलिन महिनाभर बंद आहे. लघवीतलं कीटोन एकदा बघा."

त्यानं कागद वाचला. माझ्याकडे बघितलं. मग ठकूबाईंच्या छातीकडे बघितलं, ती वरखाली होताना. "सिस्टर, कीटोनची पट्टी आणा," तो म्हणाला. त्याच्या जागी दुसरा असता तर मला बाहेर बसायला सांगितलं असतं. त्या पोरानं ऐकलं, याबद्दल मी त्याला अजून मनातून मानते.

पट्टी बघता बघता जांभळी झाली. पुढचं सगळं भराभर झालं. दोन हातांना दोन सुया, एकीतून पाणी, एकीतून इन्सुलिन, वर साखरेचं सलाईन. साखर आणि इन्सुलिन एकाच वेळी का देताहेत ते आबांना समजेना. आम्ल थांबवायला इन्सुलिन हवं आणि त्यानं साखर फार उतरू नये म्हणून साखर, हे मलाही तेव्हा समजावून सांगता आलं नाही.

दत्ता पहिल्या पाळीवर होता. कारखान्यात आत मोबाईल नेता येत नाही, त्यामुळे त्याला साडेतीनला कळलं. तो कुरकुंभहून थेट आला तो अंगाला रसायनाचा वास घेऊनच. आईजवळ पाच मिनिटं उभा राहिला आणि मग बाहेर येऊन मला म्हणाला, "ताई, आमच्या प्लांटला असल्याच गोळीची पावडर बनते. मी गावात सगळ्यांना सांगितलं होतं, आई आमच्याच हातची गोळी खाती म्हणून. पावडरीनं झालं का हे?"

"पावडर चांगली आहे, दत्ता. ती कधी थांबवायची हे कुणी सांगितलं नाही. मी सांगितलं नाही."

त्याला ते नीट कळलं नसावं. पण मला ते आबांना सांगायचं होतंच.

तीन दिवसांनी ठकूबाई उठून बसल्या, चहा मागितला. दसरा होता. आबा दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसले होते. कुणीतरी दिलेली आपट्याची पानं हातात तशीच. मी शेजारी जाऊन बसले.

"आबा, त्या दिवशी तुम्ही सुईचं विचारलंत, मी फोनवर होते. चिठ्ठी मी तुम्हाला वाचून दाखवायला हवी होती. त्यात सुई बंद लिहिलेली नव्हती. चूक माझी आहे."

आबा पानं एकाखाली एक लावत राहिले.

"तुमी व्हय म्हनला का न्हाई, त्ये मला बी नक्की ठावं न्हाई, ताई," ते म्हणाले. "मला जे ऐकायचं व्हतं त्ये म्या ऐकलं. सुई बंद झाली तर बरं, आसं मलाच वाटत व्हतं."

"का? कंटाळा आला होता?"

"कंटाळा कशाचा." त्यांनी माझ्याकडे तोंड फिरवलं. इतकं जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही बुबुळांवर साय धरल्यासारखी झाली होती. "मला रेघा दिसंनात. सालभर झालं. अदमासानं भरतो. तिला सांगितलं आसतं तर तिनं मला टोचू दिलं नसतं. दत्त्याला सांगितलं आसतं तर त्यानं तिला दौंडला नेली आसती. मग म्या येकट्यानं घरी काय करायचं?"

मी सांत्वन करायला गेले होते की माफी मागायला, ते मला आठवेना. मग ते उठले आणि आपट्याची पानं ठकूबाईंच्या उशाशी ठेवून आले.

ती गोळी ठकूबाईंसाठी कायमची बंद झाली. इन्सुलिन परत सुरू झालं, पण या वेळी पेन, म्हणजे आतच औषध भरलेली, पेनाच्या आकाराची सुई. पेनाला मागं एक चाक असतं. फिरवलं की दर युनिटला 'टक्' असा आवाज होतो आणि खिडकीत आकडा दिसतो. मी ते शिकवायला निमोण्याला गेले. मला वाटलं होतं पेन ठकूबाईंच्या हाती द्यावं. पण मी पिशवीतून पेन काढलं तसे त्या आबांकडे बघून म्हणाल्या, "ह्यान्लाच शिकवा. मला सोताला टोचवत न्हाई." मग आम्ही असं ठरवलं की आबांनी चाक फिरवून टक्‌टक् मोजायचे आणि ठकूबाईंनी खिडकीतला आकडा बघायचा. वाचता येत नसलं तरी आकडे त्यांना येत होते, मोबाईलनं शिकवले होते. आकडा आणि मोजणी जुळली तरच टोचायचं. ओसरीवर बसून आबांनी पहिल्यांदा मोजले. येक, दोन, तीन, मेंढरं वाघुरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घालताना मोजावीत तसे, संथ. चौदा झाल्यावर त्यांनी पेन पुढे केलं, ठकूबाईंनी खिडकीत डोकावून मान हलवली.

आबा शेवंतीची फुलं आणायला रानात गेले तेव्हा ठकूबाई मला पाणी देता देता म्हणाल्या, "ताई, येक सांगू? मला ठावं व्हतं."

"काय?"

"त्यान्ला दिसत न्हाई त्ये. औषध पांढरं आसतंय न्हवं? येक दिस सुईत पांढरं काईच न्हवतं. नुसती हवा. म्या बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"किती जपून धरली व्हती त्यांनी सुई. कातडी चिमटीत घेतली, फुंकर बी घातली. म्हनलं, टोचू द्या." त्यांनी पदरानं तांब्या पुसला. "तसं चार-पाच येळा झालं. कवा कवा अर्धीच भरायचे. त्यान्ला सांगू नका."

साखर का चढत होती, याचं उत्तर एवढं साधं होतं. दौंडच्या डॉक्टरांना ते कळायला मार्ग नव्हता. मला मात्र होता. आबांची इन्सुलिनची बाटली चौदा दिवस पुरायची. त्या वर्षात ते कधी अठरा दिवसांनी यायचे, कधी वीस. औषध उशिरा नेणाऱ्या माणसाला 'का हो, उरलं का?' असं विचारणं ही आमच्या धंद्यातली अगदी पहिली शिकवण. मी ते एकदाही विचारलं नाही. आबा आले की मला बरं वाटायचं, आम्ही पावसापाण्याचं बोलायचो.

दिवाळीनंतर आबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, महिन्यानं दुसऱ्याचं. पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी ते एकटेच दुकानात आले. दुकानातल्या फळ्या, खोकी, माझा चेहरा, सगळं त्यांनी एकदा नीट बघून घेतलं.

"तुमचं केस पिकलं की वो, ताई. मला वाटलं काळं हायत."

मी हसले. ते हसले नाहीत. काउंटरवर पुढे वाकून त्यांनी हळूच विचारलं, "नुसती हवा टोचली माणसाला, तर काय हुतंय?"

मी सावध झाले. "कातडीखाली थोडी हवा गेली तर काही होत नाही, आबा. का?"

"जुन्या सुया डब्यात ठिवल्या व्हत्या, फेकायच्या म्हनून. काल दिसाया लागलं तसं म्या बघितलं. वापरलेल्या सुईत पांढरं राहतं, तळाशी, सुकून. काई सुया कोऱ्या हायत. आतनं लख्ख." ते थांबले. "तिच्या पोटाला म्या रिकामी सुई टोचली, ताई. आन् ती गप बसली. तिची नजर घारीवानी हाय. तिला दिसलं न्हाई, आसं हुनारच न्हाई."

माझं गप्प बसणं त्यांना पुरेसं झालं असावं.

"मला कळलंय हे तिला सांगू नका," ते म्हणाले. "माजी आब्रू राखली तिनं. राखू द्या."

आता दोघं मिळून महिन्यातून एकदा येतात. पेनात घालायची इन्सुलिनची काडतुसं घेतात, ती बर्फाच्या पिशवीत मी अजून स्वतः बांधते. आबांना आता खिडकीतला आकडा स्वच्छ दिसतो, आकडेही ओळखू लागलेत. तरी ते टक्‌टक् मोजतात आणि पेन तिच्यापुढे करतात. ती डोकावून मान हलवते, आणि मगच ते टोचतात.

त्या वर्षापासून आमच्या दुकानात नव्या गोळीची चिठ्ठी आली की सून फोन खाली ठेवते. गोळी केव्हा घ्यायची यापेक्षा केव्हा थांबवायची हे आधी सांगायचं, आणि ऐकणाऱ्याकडून परत म्हणवून घ्यायचं, असा नियम आहे. बाटली उशिरा नेली तर का, ते विचारायचं. दिसतं का, हेही विचारायचं. मागे गिऱ्हाईकं कुरकुरतात. कुरकुरू देत.

हे लिहावं की नाही म्हणून मी दोघांनाही विचारलं, वेगवेगळं गाठून. ठकूबाई म्हणाल्या, "लिवा, पर त्यान्ला वाचून दावू नका." आबा म्हणाले, "लिवा की. तिच्या कानावर जाऊ नये, यवढंच." म्हणून सगळी नावं बदलली आहेत. तरी कुरकुंभला पहिल्या पाळीवर जाणारा एक जण स्वतःला ओळखेल, आणि आई, बाप, मुलगा या तिघांत वाचता येणारा तो एकटाच आहे. दत्ता, हे तुझ्यासाठी. हे ज्यात छापून येईल तो अंक डब्याच्या पिशवीत ठेव, कारखान्यातच जेवणाच्या सुट्टीत वाच आणि निमोण्याच्या घरी नेऊ नकोस.